आधी ट्रेलर काट्यावर, मग गाडीची निवड

या वेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं पिकअपबद्दल आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकात जाहिरातीतला एकच आकडा आहे: 'इतके किलो ओढते'. बावीस वर्षं मी गिअरबॉक्स आणि एक्सल उघडते आहे आणि तेवढीच वर्षं घोड्यांचा ट्रेलर ओढते आहे. त्या आकड्यावर विसंबून घेतलेल्या गाड्या पुढे कशा अवस्थेत वर्कशॉपला येतात, हे मला चांगलं माहीत आहे. म्हणून सगळ्यांत लांबलचक पत्र आधी घेते. त्यात इतर बऱ्याच जणांची उत्तरं आपोआप येतील.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. मुक्कामाच्या सहलींसाठी आम्ही ट्रेलर घेतला आहे. माहितीपत्रकात त्याचं वजन १,६०० किलो दिलंय. तो ओढायला आता डबल कॅब पिकअप घ्यायची आहे. सहली वर्षातून आठ-दहा, बाकी सगळे दिवस तीच गाडी ऑफिसला आणि मुलांना शाळेत सोडायला वापरणार. विक्रेता म्हणतो, 'ही ३,००० किलो ओढते, तुमचा ट्रेलर मागे आहे हे कळणारही नाही.' मग हीच घ्यावी, की आणखी मोठी घेऊन निश्चिंत व्हावं?

उत्तर: इतक्यात दोन्ही नको. आधी ट्रेलर तोलून आणा.

१,६०० किलो हे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात पाणी धरलेलं नसतं, गॅसच्या टाक्या नसतात, बाहेर ताणायचं छत नसतं, पुष्कळदा बॅटरीसुद्धा नसते. ८० लिटरची टाकी भरली की ८० किलो तिथेच वाढले. त्यावर भांडी, अंथरुणं, खुर्च्या, मुलांचं सामान. सहलीला निघताना भरता अगदी तसाच ट्रेलर भरा आणि मालाचे ट्रक तोलतात त्या वजनकाट्यावर न्या. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी ज्यांनी असा ट्रेलर तोलला, त्यांच्यातल्या एकाचाही आकडा छापील आकड्याशी जुळला नाही. तीनशे-चारशे किलोंचा फरक अगदी सर्रास. तुमचा भरलेला ट्रेलर आपण २,००० किलोंचा धरू.

आता गाडीकडे या. चालकाचं दार उघडलं की खांबावर, किंवा बॉनेटखाली, एक पट्टी असते. देशागणिक तिचं रूप बदलतं, पण तुम्हाला हवे ते आकडे चार: भरलेल्या गाडीचं कमाल वजन, गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, पुढच्या एक्सलची मर्यादा आणि मागच्या एक्सलची मर्यादा. अमेरिकेतल्या गाड्यांच्या दारावरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती किलो चालतील, तो आकडा सरळ लिहिलेला असतो. 'ओढते' हा जाहिरातीतला आकडा यांच्याच पोटात बसतो. यांच्याबाहेर त्याला काही अर्थ नाही.

उदाहरणासाठी एक गाडी घेऊ. रिकामी २,२५० किलो. भरलेली जास्तीत जास्त ३,०००. म्हणजे तिच्या अंगावर ७५० किलो चढवता येतात. गाडी आणि ट्रेलर मिळून मर्यादा ५,५०० किलो, आणि ओढण्याची क्षमता ३,०००. आता खरंच ३,००० किलोंचा ट्रेलर मागे लावला, तर ५,५०० मधून गाडीच्या वाट्याला उरतात २,५००. रिकामी गाडीच २,२५० ची आहे. माणसं, सामान, ट्रेलर जोडायची हिच, सगळं मिळून २५० किलो. चार मोठी माणसं बसली की मर्यादा ओलांडली. विक्रेता खोटं बोलला नाही, त्याने फक्त रिकाम्या गाडीचा आकडा भरलेल्या कुटुंबाला सांगितला. अमेरिकेत ओढण्याची क्षमता मोजायला एसएई जे२८०७ नावाची पद्धत आहे, आणि टोयोटाने २०११ च्या टुंड्रा पिकअपसाठी ती सर्वांत आधी स्वीकारली. पद्धत चांगली कडक आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर, कडक उन्हात, एसी पूर्ण लावून गाडीला ट्रेलर ओढावा लागतो. पण तिथेही गाडीत चालक आणि एक सोबती एवढेच धरतात, दोघेही ६८-६८ किलोंचे. मागच्या सीटवरची मुलं त्या आकड्यात नसतात.

तुमचा ट्रेलर २,००० चा, त्यामुळे एकूण वजनाची अडचण येणार नाही. अडचण येते ती दुसरीकडे. ट्रेलरचं नाक, म्हणजे दांड्याचं पुढचं टोक, हिचच्या गोळ्यावर, बॉलवर, टेकतं आणि तेवढं वजन गाडीच्या अंगावर येतं. उत्तर अमेरिकेच्या पद्धतीत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर ठेवतात. युरोपी धाटणीच्या ट्रेलरना हे प्रमाण साधारण ५ ते ७ टक्के असतं. तुमच्यासाठी १० टक्के, म्हणजे २०० किलो धरू. चौघांचे २८०, कारण मुलं वाढणारच आहेत. हौद्यावर बसवायचं टणक झाकण ७०, हिच ३५. हौद्यात सायकली, शेगडी, खोके मिळून १५०. बेरीज होते ७३५. मर्यादा ७५०.

पुन्हा पाहा. ओढण्याच्या क्षमतेचे दोन-तृतीयांशच वापरलेत, आणि गाडी मात्र काठोकाठ भरली. पिकअपच्या बाबतीत बहुतेक वेळा असंच होतं. इंजिनाचा दम संपायच्या खूप आधी गाडीची पाठ भरते.

यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. बॉल मागच्या एक्सलच्या बराच मागे असतो. दोन्ही एक्सलमधलं अंतर ३.२ मीटर आणि बॉल मागच्या एक्सलपासून १.२ मीटर मागे असेल, तर बॉलवर २०० किलो टेकले की मागच्या एक्सलवर २७५ किलो वाढतात आणि पुढच्यावरचे ७५ किलो कमी होतात. तराजूच्या दांडीसारखंच आहे हे. पुढची चाकं हलकी झाली की स्टीअरिंग सैल वाटतं, ओल्या वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते, आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. म्हणून काट्यावर पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलरचे एक्सल वेगवेगळे तोलून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. वजन वाटून देणारी हिच घेतली तर थोडा भार परत पुढच्या चाकांवर येतो. मात्र ती तुमच्या गाडीला आणि ट्रेलरच्या दांड्याला चालते का, हे दोन्हींच्या पुस्तिकेत पाहून घ्या.

मग मोठी गाडी घ्यावी का? तुमचा हिशोब पाहता, मला वाटतं नको. वर्षातले तीनशेहून जास्त दिवस ती गाडी रिकामी चालणार आहे. मोठी पिकअप रिकामी म्हणजे आखडलेली पाठ, ओल्या रस्त्यावर मागून घसरणारी चाकं, कमी ॲव्हरेज आणि शाळेच्या दारात वळवताना रोजची कसरत. त्यापेक्षा सायकली आणि खोके ट्रेलरमध्ये, त्याच्या चाकांच्या वरच्या भागात ठेवा. बॉलवरचा भार फारसा वाढणार नाही आणि हौदा मोकळा राहील. तेवढं वजन ट्रेलरमध्ये धरून ट्रेलरची स्वतःची मर्यादा मात्र तपासा. आणि एकाच मॉडेलचे व्हेरिएंट तुलना करून पाहा. काचेचं छत, विजेच्या सीट, मोठी चाकं, यांचं वजन भारक्षमतेतूनच वजा होतं. मला विचाराल तर साध्या व्हेरिएंटमधले ते जास्तीचे किलो काचेच्या छतापेक्षा मोलाचे आहेत. सगळी बेरीज करून पंधरा-वीस टक्के भारक्षमता शिल्लक राहत असेल, तर तीच गाडी घ्या, तिच्यापेक्षा मोठी नको.

आणि 'कळणारही नाही' म्हणतात, त्याकडे लक्ष देऊ नका. मागे ट्रेलर आहे हे प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक वळणाला कळत राहिलं पाहिजे.

प्रश्न: माझी गाडी ताशी ९० च्या पुढे गेली की ट्रेलर शेपूट हलवू लागतो. उतारावर जास्त. मित्र म्हणतात की अशा वेळी वेग वाढवला की ट्रेलर सरळ होतो. हे खरं का? की गाडीच बदलावी?

उत्तर: वेग वाढवू नका. कृपा करून हे मित्रांनाही सांगा.

मी स्वतः यातून गेले आहे. ट्रेलर दोन घोड्यांचा होता, त्या दिवशी आत एकच घोडी. चाऱ्याच्या गाठी मी मागच्या दाराला लावून रचल्या होत्या, कारण पोचल्यावर उतरवायला सोपं. लांब, सरळ उतार होता. एक मोठी बस शेजारून झपाट्याने पुढे गेली आणि स्टीअरिंग एकदम हलकं झालं. आरशात ट्रेलरची डावी बाजू दिसली, मग उजवी, मग पुन्हा डावी, आणि दर वेळी आधीपेक्षा थोडी जास्त. पाय ब्रेककडे जात होता, तो मी अडवला. ॲक्सिलरेटर सोडला, स्टीअरिंग सरळ धरून ठेवलं, उलटसुलट वळवलं नाही. डॅशबोर्डखाली ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर होता, त्याची छोटी कळ अंगठ्याने हळूहळू दाबली. फक्त ट्रेलरचे ब्रेक लागले, त्याने गाडीला मागून ताणून धरलं, आणि वेग ७० च्या खाली आल्यावर वळवळ थांबली. कडेला थांबून दार उघडलं तर घोडी घामाने भिजलेली, चारही पाय फाकवून उभी. तिच्या मानेवर हात ठेवून मी बराच वेळ तिथे उभी होते. तिचा काही दोष नव्हता आणि गाडीचाही नव्हता.

घरी आल्यावर घोडी उतरवायच्या आत बॉलवरचा भार मोजला. साधारण १,४०० किलोंचा ट्रेलर, आणि नाकावर फक्त ६० किलो. चार टक्क्यांच्या जरा वर. हाच भार १४० च्या पुढे हवा होता. गाठी पुढच्या भिंतीला लावल्या आणि पुन्हा मोजलं, तर १५० भरले. त्यानंतर त्याच उतारावर, त्याच गाडीने किती वेळा गेले असेन, ट्रेलर कधी हलला नाही.

तुम्हीही मोजा. त्याला खास यंत्र लागत नाही. घरातला वजनाचा काटा १२०-१५० किलोंपर्यंतच मोजतो, म्हणून एक जाड, न वाकणारी फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर ठेवा. दोन्ही टेकूंमध्ये १२० सेंटिमीटर अंतर राहू द्या. ट्रेलरचं नाक विटेपासून ४० सेंटिमीटरवर, एका ठोकळ्यावर अलगद टेकवा. काट्यावर येईल तो आकडा गुणिले तीन. नाक टेकवण्याआधी काट्यावर नुसत्या फळीचा आकडा दिसेल, तो तिनाने गुणण्याआधी वजा करायला विसरू नका. ट्रेलर सपाट जमिनीवर हवा, चाकांना अडण्या हव्यात, आणि नाक गाडीला जोडताना असतं त्याच उंचीला हवं.

साठ टक्के सामान ट्रेलरच्या एक्सलच्या पुढे, चाळीस मागे, हा साधा नेम पाळा. ट्रेलरच्या आणि गाडीच्या मागच्या चाकांची हवा थंड टायरवर तपासा. वळवळीचं कारण कित्येकदा एका टायरमधली कमी हवा एवढंच असतं. हल्लीच्या पिकअपमध्ये ट्रेलरची वळवळ ओळखून एकेका चाकाला ब्रेक लावणारी यंत्रणा असते, आणि ती असलेली गाडी घ्यावी असं माझं ठाम मत आहे. पण मागे रचलेल्या गाठी ती पुढे नेऊन ठेवत नाही. आधी भार नीट करा. तरीही ट्रेलर हलत असेल तर मग गाडीचा विचार. तेव्हा जास्त लांब व्हीलबेसची, म्हणजे दोन्ही एक्सलमध्ये जास्त अंतर असलेली, गाडी बघा, लांब गाडीला मागचा ट्रेलर सहज वळवू शकत नाही.

प्रश्न: ट्रेलरला वेगळे ब्रेक घ्यायलाच हवेत का? गाडीचे ब्रेक उत्तम आहेत.

उत्तर: हवेत. गाडीचे ब्रेक गाडीच्या स्वतःच्या भरलेल्या वजनासाठी असतात. युरोपात ७५० किलोंच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, आणि तुमच्या देशातली मर्यादा काहीही असो, मी तरी हाच आकडा डोक्यात ठेवते. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी दोरी दर प्रवासाआधी हाताने ओढून पाहा. साखळ्या असतील तर दांड्याखाली फुलीसारख्या ओवा, म्हणजे नाक निसटलं तरी झोळीत पडल्यासारखं वर राहील, रस्त्यात रुतणार नाही.

प्रश्न: माझं रोजचं जाणं-येणं सहा किलोमीटरचं. महिन्यातून दोनदा बोट ओढते, ट्रेलरसकट १,२०० किलो. सगळे म्हणतात ओढायला डिझेलच हवी. नवीन इलेक्ट्रिक पिकअपबद्दलही कुतूहल आहे.

उत्तर: डिझेलला इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरच टॉर्क, म्हणजे चाक फिरवायची ताकद, मिळतो, चढावर गिअर कमी बदलावे लागतात, हे खरंच आहे. रोज तीन टन ओढणाऱ्याला मी डोळे झाकून डिझेल सांगेन. पण तुमच्या सहा किलोमीटरमध्ये डिझेल इंजिन नीट तापतसुद्धा नाही. आधुनिक डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला आत ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. ते अर्ध्यावर तुटत राहिलं की जाळी तुंबते. काही इंजिनांत काजळी जाळण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये झिरपतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी *वाढलेली* पाहून खूश झालेला एक ग्राहक मला आठवतो. ऑइल काढलं तर ते पाण्यासारखं पातळ झालं होतं.

तुमच्या १,२०० किलोंना टर्बो पेट्रोल किंवा हायब्रिड पुरेल. फोर्ड मॅव्हरिकसारखी, वेगळी चासी नसलेली छोटी पिकअपसुद्धा योग्य टोइंग पॅकेजसह सुमारे १,८०० किलो ओढते आणि रोज चालवायला कारसारखी आहे. उंच डोंगरांत जाणं होत असेल तर टर्बो नसलेलं इंजिन टाळा. दर हजार मीटर उंचीला त्याची साधारण दहा टक्के ताकद कमी होते. टर्बो हवा दाबून भरतो, म्हणून त्याला उंचीचा त्रास फार कमी.

इलेक्ट्रिक पिकअप ओढायला सुंदर असतात. रिव्हियन आर१टी जवळजवळ पाच टन ओढते आणि चढावर ओढताना हूंसुद्धा करत नाही. पण मोठा, उंच ट्रेलर लावला की एका चार्जमध्ये होणारं अंतर साधारण निम्म्यावर येतं. यात वजनापेक्षा हवेच्या रेट्याचा हात मोठा, त्यामुळे बुटक्या बोटीला थोडं कमी नुकसान. आणि बहुतेक चार्जरच्या जागा ट्रेलर लावून उभं राहण्यासारख्या नसतात. ट्रेलर सोडा, चार्ज करा, पुन्हा जोडा. तुमचं पाणी जवळ असेल, जाऊन-येऊन एका चार्जच्या चाळीस टक्क्यांत बसत असेल, तर जरूर विचार करा.

बोटवाल्यांसाठी एक गोष्ट न विचारता सांगते. लांबून आल्याबरोबर ट्रेलर पाण्यात ढकलू नका. तापलेली हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, एकदम थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं, मग बेअरिंग गंजतं. हाताला हब कोमट लागेपर्यंत थांबा.

प्रश्न: नवीन पिकअप रिकामी असताना इतकी उडते की मागच्या सीटवर आईला मळमळतं. मागे हवेचे फुगे बसवले तर आराम मिळेल का? ओढण्याची ताकदही वाढेल असं दुकानदार म्हणतो.

उत्तर: ताकद वाढणार नाही. फुगे बसवल्यावर गाडी मागे बसलेली दिसत नाही, एवढंच. एक्सल, टायर, ब्रेक आणि चासी आधीचीच राहतात, आणि पट्टीवरचा आकडाही तोच राहतो. उलट बसलेली गाडी निदान सांगत तरी होती, की भार जास्त झाला.

उडण्याचं कारण मागच्या एक्सलवरचे स्प्रिंगचे पाटे. टनभर माल उचलायला रचलेले पाटे रिकाम्या हौद्याखाली वाकतच नाहीत. पहिला उपाय फुकटचा आहे: टायरची हवा. पुष्कळ पिकअपच्या पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरची वेगळी हवा दिलेली असते, आणि शोरूममधून गाडी बऱ्याचदा भरलेल्या आकड्यावरच येते. रिकाम्याच्या आकड्यावर आणा, ओढायच्या आदल्या संध्याकाळी परत वाढवा. ज्यांनी अजून गाडी घेतलेली नाही त्यांनी मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असलेल्या गाड्याही चालवून पाहाव्यात. रॅम १५०० मध्ये त्या २००९ पासून आहेत. होंडा रिजलाइन तर मागच्या सीटवर थेट कारसारखी, आणि सव्वादोन टनांपर्यंत ओढते. अवजड काम रोजचं असेल तर मात्र पाटेच बरे, त्यात मोडण्यासारखं फार काही नसतं. चाचणीच्या वेळी आईला मागे बसवा. आपण पुढे बसून गाडी पसंत करतो आणि मागचे वर्षानुवर्षं सोसतात.

प्रश्न: फोर व्हील ड्राइव्ह आहे, तर ट्रेलर ओढताना कायम चालू ठेवू का? पकड जास्त मिळेल.

उत्तर: तुमची गाडी कळ फिरवून फोर व्हीलमध्ये जाणारी, पार्ट-टाइम प्रकारची असेल तर कोरड्या डांबरावर अजिबात नको. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. मधे हा फरक सामावून घेणारं डिफरन्शियल नसल्यामुळे तो शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो आणि दोन्ही एक्सलना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस तुटेपर्यंत जातो. चिखल, ओलं गवत, बोटीचा निसरडा उतार, तिथे जरूर वापरा.

प्रश्न: जुनी ऑटोमॅटिक पिकअप बघतो आहे. मालक म्हणतात, 'कधीच काही ओढलं नाही.' खरंखोटं कसं ओळखावं?

उत्तर: गाडीच्या मागे गुडघ्यावर बसा. हिचच्या चौकोनी नळीत बोट घालून फिरवा. आतला रंग खरवडून चकचकीत झाला असेल तर तिथे दांडा पुष्कळदा आत-बाहेर झालेला आहे. पिनेचं भोक गोल आहे की लांबट, पाहा. ट्रेलरच्या दिव्यांच्या सॉकेटचं झाकण उघडा: न वापरलेल्या सॉकेटच्या पिना मंद आणि एकसारख्या दिसतात, वापरलेल्यांवर ओरखडे असतात. हिच काढून नेलेली असेल तर चासीवर तिच्या बोल्टांचे ठसे राहतात.

मग गिअर ऑइल. डिपस्टिक असेल तर दोन थेंब पांढऱ्या फडक्यावर टाका. चांगलं ऑइल लालसर, पारदर्शक पसरतं. तपकिरी, मध्ये काळसर ठिपका आणि जळक्या टोस्टसारखा वास असेल, तर क्लच प्लेट जळत आल्या आहेत. ओढताना गिअरबॉक्सला मारते ती उष्णता, आणि तिची खूण ऑइलमध्ये राहते. डिपस्टिक नसेल तर गाडी वर घेऊन थोडं ऑइल काढून दाखवायला सांगा. मालक नको म्हणाले तर पुढे निघा. टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडेही वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

ओढलेली गाडी वाईटच असते असं मात्र नाही. मर्यादेत ओढलेली, ऑइल वेळेवर बदललेली, ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर बसवलेली गाडी मी आनंदाने घेईन. मला नकोसा वाटतो तो मालकाने लपवलेला इतिहास.

प्रश्न: वय एकसष्ट. मुलीच्या घोड्यासाठी ट्रेलर आणि पिकअप घेतली, हिशोब अगदी तुम्ही मागे सांगितला होता तसा करून. आता रिव्हर्सची इतकी भीती वाटते की दोन महिने दोन्ही उभ्या आहेत.

उत्तर: आजी, ही भीती एका सकाळीत जाते. एक मोकळं मैदान आणि दोन रिकामे प्लास्टिकचे डबे एवढंच लागेल. डबे चार मीटर अंतरावर ठेवा आणि ट्रेलर मधून मागे न्यायचा. हात स्टीअरिंगच्या वरच्या भागावर ठेवू नका, अगदी तळाशी धरा. ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला न्यायचं, हात त्याच बाजूला सरकवा. उजवीकडे हवंय, हात उजवीकडे. डोक्यात उलटसुलट करायला लागत नाही. थोडंच वळवा आणि थांबून पाहा, कारण ट्रेलर उशिरा ऐकतो. तो जास्त वळला की दुरुस्त करत बसू नका, पुढे येऊन सरळ करा आणि पुन्हा सुरुवात करा. मीही अजून तसंच करते. लांब ट्रेलर आखूड ट्रेलरपेक्षा सोपा जातो, तेव्हा घोड्याचा ट्रेलर पाहून बिचकू नका.

मुलीला मागे उभी करा, पण आधी ठरवून घ्या: ती तुम्हाला आरशात दिसलीच पाहिजे. दिसेनाशी झाली की त्याच क्षणी ब्रेक, आणि ती पुन्हा दिसेपर्यंत चाक हलवायचं नाही.